नॉर्मल स्कूल ते ब्रिज कोर्स : प्राथमिक मास्तरांच्या प्रशिक्षणाचा मागोवा

आपल्याकडे एक समजूत फार जुनी आहे. लहान मुलांना शिकवायला थोडे शिकलेला माणूस चालतो. मूल जसजसे मोठे होईल तसतसा मास्तरही जास्त शिकलेला लागतो. ही समजूत सरकारदरबारी आहे आणि आपल्या घराघरांतही आहे. एखादी मुलगी बी.ए., बी.एड. होऊन पहिलीच्या वर्गावर रुजू झाली तर शेजारपाजारच्या बायका विचारतात, "इतना पढ़के छोटे बच्चों को?" या प्रश्नात कीव असते. तीच मुलगी नववी-दहावीला शिकवत असती तर हा प्रश्न कुणी विचारला नसता.

मी वाशीम जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीला शिकवते. बी.एड. आहे. त्यामुळे पदवी घेतलेल्या माणसाने प्राथमिक शाळेत शिकवावे की नाही, आणि शिकवायचे तर त्याला कोणते प्रशिक्षण द्यावे, हा प्रश्न माझ्या पोटापाण्याच्या जवळचा आहे. २०१८ ते २०२३ या पाच वर्षांत तो सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आला. पण आमच्या स्टाफरूममध्ये त्यावर जी चर्चा होते ती सगळी कालच्या परिपत्रकावर आणि आजच्या बातमीवर. या प्रश्नाला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या विदर्भात, वर्ध्याला लिहिला गेला, हे फारसे कुणी बोलत नाही. म्हणून हा मागोवा.

पूर्वी मास्तरकीचे वेगळे शिक्षण नव्हतेच. गावात पंतोजी असत, मशिदीच्या ओसरीवर मकतब असे. ज्याने उस्तादांपुढे बसून शिकले तो पुढे स्वतः उस्ताद होई. शिकवायचे कसे, हे तो शिकतानाच पाहत असे, छडीसकट. शिकवणे ही वेगळी विद्या आहे आणि ती वेगळी शिकावी लागते, ही कल्पना आपल्याकडे इंग्रजी अमलात आली. मुंबईला एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८४५ साली शिक्षक तयार करण्यासाठी 'नॉर्मल क्लास' सुरू झाला आणि त्याची जबाबदारी बाळशास्त्री जांभेकरांकडे होती. दुसऱ्याच वर्षी ते वारले. 'नॉर्मल' हा शब्द ऐकून आज हसू येते, जणू बाकीचे मास्तर अॅबनॉर्मल! तो मूळचा फ्रेंच. पॅरिसला १७९४ साली 'एकोल नॉर्माल' निघाली, म्हणजे जिथे शिकवण्याचा नमुना घालून दिला जातो ती शाळा. १८५४ च्या वुडच्या खलित्याने प्रत्येक इलाख्यात अशा शाळा काढाव्यात आणि तिथे शिकणाऱ्यांना विद्यावेतन द्यावे असे सांगितले. १८५९ च्या स्टॅन्लेच्या खलित्याने त्यावर पुन्हा जोर दिला.

सरकारी खलित्यांच्या आधीच सावित्रीबाई फुले प्रशिक्षित शिक्षिका झाल्या होत्या, हे इथे नोंदवले पाहिजे. अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी प्रशिक्षण घेतले. त्यांच्या सोबतीने काम करणाऱ्या फातिमा शेख यांचे नाव सावित्रीबाईंनी १८५६ च्या ऑक्टोबरात जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात येते. २०२५ च्या जानेवारीत फातिमाबी मुळात होत्याच का, असा वाद उकरून काढला गेला. ज्यांना वाद घालायचा त्यांनी घालावा. पत्र आहे ते आहे.

आता वऱ्हाडाकडे येऊ. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. आपला वाशीम तेव्हा 'बासिम' होता आणि जिल्ह्याचे ठिकाण होता. १९०५ च्या फेररचनेत तो जिल्हा मोडून अकोल्यात घातला गेला, तो १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. मधल्या ९३ वर्षांत आमच्या भागातल्या माणसाला मास्तर व्हायचे तर अकोल्याची वाट धरणे भाग होते, कारण नॉर्मल स्कूल तिथे होते. कारंज्याच्या उमेदवाराला त्यातल्या त्यात बरे. यवतमाळ-मूर्तिजापूर ही छोटी गाडी, आपली शकुंतला, कारंज्यावरून जाई; मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीची गाडी मिळे. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीरच्या माणसाला बैलगाडी, पुढे मोटार. वाशीमला अकोल्याशी जोडणारी रेल्वे स्वातंत्र्यानंतरची.

या वाटेने कोण जाई? सातवी म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल झालेला मुलगा. कॉलेजचा पदवीधर नव्हे. पदवीधराला मास्तर व्हायचे असेल तर त्याची वाट वेगळी होती. मध्य प्रांत-वऱ्हाडातला पदवीधर जबलपूरच्या स्पेन्स ट्रेनिंग कॉलेजात जाई आणि तिथून हायस्कुलात. सातवीवाला नॉर्मल स्कूलमधून गावच्या शाळेत, पदवीवाला ट्रेनिंग कॉलेजातून शहरातल्या हायस्कुलात. या दोन वाटा तेव्हा पडल्या आणि पुढे कधी एकत्र आल्या नाहीत. पगार वेगळे, पदनाम वेगळे, लग्नाच्या बाजारातला भावही वेगळा. आजच्या डी.एड. आणि बी.एड. या दोन पदव्यांचे मूळ इथे आहे.

१८८२ च्या हंटर कमिशनपुढे महात्मा फुल्यांनी जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शिक्षकांबद्दल नेमके बोट ठेवले आहे. प्राथमिक शाळांतले बहुतेक मास्तर एकाच जातीचे आहेत, त्यांतले थोडेच प्रशिक्षित आहेत, पगार तुटपुंजे आहेत, असे सांगून त्यांनी मागणी केली की शक्यतो शेतकरी वर्गातली माणसे प्रशिक्षण देऊन शिक्षक करावीत. म्हणजे ती लोकांत मिसळतील, लोकांच्या गरजा त्यांना कळतील. पगार किमान १२ रुपये, मोठ्या गावात १५ ते २० रुपये. मास्तर मुलांच्या घरच्या जगातला असावा, त्याला नीट शिकवायला शिकवावे आणि पोटाला पुरेल असे द्यावे, अशा या साध्या मागण्या. आपल्या समाजालाही त्या जशाच्या तशा लागू पडतात.

त्याच कमिशनने मुसलमानांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार केला. सर सय्यद अहमद खान सुरुवातीला कमिशनचे सभासद होते, नंतर त्यांच्या जागी त्यांचे चिरंजीव सय्यद महमूद आले. मुसलमानांच्या प्राथमिक शाळांत शिकवण्याची भाषा प्रामुख्याने हिंदुस्थानी असावी आणि जरूर तिथे मुसलमान शिक्षकांसाठी वेगळी नॉर्मल स्कूले किंवा निदान वर्ग काढावेत, अशा शिफारशी कमिशनने केल्या. दुसरी शिफारस नसती तर पहिलीला अर्थ नव्हता. उर्दू शाळा काढायला एक खोली आणि एक फळा पुरतो. पण मराठीतून प्रशिक्षण घेतलेला मास्तर तिथे पाठवता येत नाही आणि गावातले मुन्शी, हाफिजसाहेब विद्वान असले तरी त्यांना गणित-भूगोल शिकवण्याचा सराव नसतो. शाळा काढणे सोपे आणि मास्तर घडवणे कठीण, हा उर्दू शाळांचा दुखरा भाग तेव्हापासूनचा आहे.

इथे थोडे थांबून, लहान मुलाला शिकवणे म्हणजे नेमके काय असते, ते सांगते. उर्दू न शिकलेल्या वाचकांसाठी तर हे सांगायलाच हवे. मराठीत 'ब' शिकला की तो शब्दात कुठेही 'ब'च दिसतो. उर्दूतला 'बे' एकटा असला की होडीसारखा पसरलेला. शब्दाच्या सुरुवातीला आला की त्याचा एक छोटासा दात आणि खाली नुक्ता एवढेच उरते. मधे आला की आणखी वेगळा. तोच दात ठेवून खाली तीन नुक्ते दिले की 'पे', वर दोन दिले की 'ते', वर एक दिला की 'नून'. सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांना हा फरक टिपायला शिकवणे हे कसब आहे. त्यात 'दाल', 'रे', 'वाव' अशी काही अक्षरे पुढच्या अक्षराला हात देतच नाहीत, शब्द मधेच तुटल्यासारखा दिसतो आणि मूल गोंधळते. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहायची, त्यातले अंक मात्र डावीकडून उजवीकडे, आणि मराठीची वही उघडली की सगळीच दिशा फिरते. शिवाय घरची बोली वेगळी. आमच्याकडचे मूल "मेरेकू होना" म्हणत शाळेत येते आणि पुस्तक "मुझे चाहिए" म्हणते. पहिल्या दिवशी त्या मुलाला "गलत बोला" म्हटले की ते महिनाभर तोंड उघडत नाही. हे सगळे ज्याला कळते तो पहिलीचा चांगला मास्तर. त्याची एम.ए.ची पदवी असली तर उत्तमच, पण एम.ए.च्या अभ्यासात यातले काही येत नाही.

बी.एड.मध्येही येत नाही, हे मी अनुभवाने सांगते. आमच्या वेळी बी.एड. एक वर्षाचे होते. २०१५-१६ पासून ते दोन वर्षांचे झाले. दोन विषयांच्या अध्यापन पद्धती, सूक्ष्म अध्यापन, पाठ टाचण, सराव पाठ, सगळे झाले. पण माझ्या सराव पाठांत पाचवीच्या खालचा वर्ग एकदाही आला नाही. माझ्या एका डी.एड. झालेल्या सहकारी बाजींच्या पेटीत अजून कापडी फासे, चिंचोके, अक्षरांचे पुठ्ठे आहेत. आम्हा बी.एड.वाल्यांकडे चार्ट होते.

ही दरी बुजवण्याचा सर्वांत मोठा विचार झाला तो वर्ध्यात. १९३७ च्या ऑक्टोबरात २२ आणि २३ तारखांना गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली. मातृभाषेतून, हस्तउद्योगाच्या आधारे, सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण अशी कल्पना पुढे आली आणि अभ्यासक्रम आखण्यासाठी समिती नेमली गेली. अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन. बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस. लहान मुलांसाठी त्यांनी 'अब्बू खाँ की बकरी' ही गोष्ट लिहिली आणि जामियाच्या प्राथमिक मदरशाला कधी कमी लेखले नाही. त्याच जामियात गेर्डा फिलिप्सबॉर्न ही शिकलेली जर्मन ज्यू बाई बालवर्गातल्या पोरांत रमली होती. मुले तिला आपाजान म्हणत. "इतना पढ़के छोटे बच्चों को?" हा प्रश्न या दोघांना कुणी विचारला असेल तर त्यांनी काय उत्तर दिले असते, याचा मी अनेकदा विचार करते.

झाकिर हुसेन समितीने डिसेंबर १९३७ मध्ये अहवाल दिला आणि त्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाला मोठी जागा दिली. पूर्ण प्रशिक्षण ३ वर्षांचे. घाई असेल तिथे १ वर्षाचा लहान अभ्यासक्रम. प्रवेशासाठी मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण किंवा व्हर्नाक्युलर फायनलनंतर निदान २ वर्षे शिकवण्याचा अनुभव. म्हणजे समितीने मास्तरची शाळकरी पात्रता फार वाढवली नाही, प्रशिक्षण मात्र लांबवले. दुसऱ्या वर्षी जामियात 'उस्तादों का मदरसा' निघाला. शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजला इतके सुंदर नाव नंतर कुणाला सुचले नाही.

पण वर्ध्याच्या या कामाला आपल्याच प्रांतात एक फाटा फुटला. मध्य प्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी 'विद्यामंदिर' योजना आणली. तिच्या शिक्षकांसाठी वर्ध्याला प्रशिक्षण शाळा उघडली, तिच्या उद्घाटनाला २१ एप्रिल १९३८ ला गांधीजी होते. योजनेच्या नावातल्या 'मंदिर' या शब्दावर मुसलमानांनी हरकत घेतली. मंदिर म्हणजे नुसते घर, असे समर्थकांचे म्हणणे. आमच्या पोरांनी मंदिरात शिकायचे का, असा विरोधकांचा सवाल. त्यात मुस्लिम लीगचे राजकारण शिरले आणि वर्धा योजना व विद्यामंदिर योजना यांची लोकांच्या मनात सरमिसळ झाली. झाकिर हुसेनांच्या अहवालातले मास्तरांच्या ट्रेनिंगचे प्रकरण बाजूलाच राहिले. माझ्या मते नाव बदलून वाद मिटवणे सरकारला अवघड नव्हते आणि नाव सोडून अभ्यासक्रम वाचणे आपल्या पुढाऱ्यांनाही अवघड नव्हते. दोघांनीही ते वेळेवर केले नाही.

स्वातंत्र्यानंतर विदर्भ १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. ज्युनियर पी.टी.सी., सिनियर पी.टी.सी. असे शब्द आपल्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी असत. पुढे त्याचे डी.एड. झाले. प्रवेशाची पायरी सातवीवरून दहावीवर, दहावीवरून बारावीवर चढत गेली. पदवीवर मात्र ती कधी गेली नाही.

जाणे शक्य होते. १९६४ ते ६६ या काळात बसलेल्या कोठारी आयोगाने एक शिफारस केली होती, जी नंतर सगळे विसरले : प्राथमिक शाळेत येणाऱ्या पदवीधरांसाठी खास प्रशिक्षणक्रम काढावेत. म्हणजे बी.ए. झालेल्या माणसाला हायस्कूलचे बी.एड. करायला न लावता किंवा बारावीच्या पोरांच्या बाकावर न बसवता, लहान मुलांच्या शिक्षणाचे त्याच्या वयाला आणि पदवीला साजेसे प्रशिक्षण द्यावे. इंग्लंडमध्ये पदवीनंतर एक वर्ष असे प्राथमिकचे प्रशिक्षण घेऊन शिक्षक होता येते. आपल्याकडे ही शिफारस कागदावर राहिली. १९९४ पासून दिल्ली विद्यापीठाने बारावीनंतरचा चार वर्षांचा बी.एल.एड. चालवला, पण महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या मुलीला त्याचा काय उपयोग?

त्याऐवजी महाराष्ट्रात लोकांनी आपली वाट आपण काढली आणि ती उलटी होती. बारावी, मग डी.एड., मग जिल्हा परिषदेची नोकरी आणि नोकरीत असताना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए.; त्यानंतर जमले तर बी.एड. जगात पदवी आधी आणि प्रशिक्षण नंतर. इथे प्रशिक्षण आधी, पदवी नंतर, तीही रविवारच्या संपर्क वर्गात. या वाटेने आलेले कितीतरी उत्तम शिक्षक मी पाहिले आहेत. आपल्या समाजाला तर ही वाट फारच सोयीची पडली. घरात पैसा कमी, मुलीला फार वर्षे शिकवण्याची तयारी नाही. पण बारावीनंतर दोन वर्षांत नोकरी, मग वालिद तयार होत. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की २० वर्षांवरील मुसलमानांत पदवी किंवा पदविकाधारक ४ टक्क्यांहूनही कमी आहेत, एकूण लोकसंख्येत हे प्रमाण सुमारे ७ टक्के. ज्या समाजात पदवीपर्यंत पोचणारेच इतके थोडे, तिथे बारावीनंतरचे डी.एड. हे आधाराचे झाड होते. आमच्या उर्दू शाळांतल्या कितीतरी बाजी त्याच झाडाखालून आल्या.

मग त्या झाडाचा बाजार झाला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेचा म्हणजे एन.सी.टी.ई.चा कायदा १९९३ चा, अंमल १९९५ पासून. परवानगी द्यायची ती या परिषदेच्या भोपाळच्या पश्चिम विभागीय समितीने. दोन हजारच्या दशकात महाराष्ट्रात डी.एड. कॉलेजांचे पीक आले. इमारत भाड्याची, ग्रंथालय तपासणीपुरते. इकडे २००० साली शासनाने शिक्षण सेवक योजना आणली : पहिली तीन वर्षे प्राथमिकच्या शिक्षकाला महिना ३,००० रुपये मानधन. तरी पोरे धावत होती, कारण तीन वर्षांनी कायम होता येत असे. (हे मानधन पुढे ६,००० आणि २०२३ मध्ये १६,००० झाले.) महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद कोर्टात गेला आणि सुप्रीम कोर्टाने माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला. २०१२ मध्ये आयोगाचा अहवाल आला तेव्हा त्या २९१ पैकी थोड्याच संस्था लायक ठरल्या. देशभरच्या शिक्षक प्रशिक्षणाची झाडाझडती झाली ती महाराष्ट्रातल्या डी.एड. दुकानांमुळे, ही गोष्ट आपल्याला भूषणाची नाही. त्याच वर्षी मे महिन्यापासून राज्यात शिक्षक भरतीच बंद झाली. मी बी.एड. झाले ती याच कोरड्या काळात. माझ्याबरोबरच्या काही मुलींनी पदवी कपाटात ठेवली ती ठेवलीच.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवी एक टप्पा, सहावी ते आठवी दुसरा, अशी नवी वाटणी झाली. २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिल्या टप्प्याला डी.एड. (पुढे त्याचे डी.एल.एड. झाले) आणि दोन्ही टप्प्यांना टीईटी आवश्यक केली. महाराष्ट्रात पहिली टीईटी १५ डिसेंबर २०१३ ला झाली. त्या अधिसूचनेतच एक लहानशी खिडकी होती. पदवीधर बी.एड. उमेदवारालाही १ जानेवारी २०१२ पर्यंत पहिली ते पाचवीसाठी घ्यावे, मात्र त्याने सहा महिन्यांचे खास प्रशिक्षण करावे. २०१८ च्या २८ जूनला एन.सी.टी.ई.ने ही खिडकी उघडून सरळ दरवाजाच केला : बी.एड. उमेदवार प्राथमिकला पात्र. नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स. कोठारी आयोगाला जे हवे होते त्याची ही फार ढोबळ नक्कल. फरक एवढाच की आयोगाला आधी शिकून मग वर्गात जाणारा पदवीधर हवा होता, इथे आधी वर्गावर उभे राहायचे आणि मग शिकायचे. सहा वर्षांचे मूल तोवर थांबत नाही.

डी.एड.वाल्यांनी विरोध केला, तो रास्त होता. त्यांच्याकडे बी.एड.चा पर्याय नव्हता, बी.एड.वाल्यांकडे दोन्ही दारे उघडी. राजस्थान हायकोर्टाने २०२१ च्या नोव्हेंबरात ही अधिसूचना रद्द केली आणि ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने देवेश शर्मा खटल्यात तो निकाल कायम केला. प्राथमिक वर्गाला शिकवण्याची विद्या वेगळी आहे, बी.एड. त्यासाठी नाही आणि मुलाच्या शिक्षणाच्या हक्कात चांगल्या शिक्षणाचा हक्क येतो, असे कोर्टाचे म्हणणे. आधीच लागलेल्यांच्या नोकऱ्या ८ एप्रिल २०२४ च्या खुलाशाने वाचल्या. नव्यांना दार बंद.

त्या दिवशी आमच्या ओळखीच्या बी.एड. मुलामुलींत सुतक होते. उर्दूची जागा आधीच कमी निघते. त्यातल्या राखीव प्रवर्गाच्या जागांना उर्दू माध्यमाचे उमेदवार मिळत नाहीत म्हणून त्या रिकाम्या राहतात. आणि आता पहिली ते पाचवी हातची गेली. त्यांचे दुःख मला समजते. तरीही कोर्टाचा निकाल मला बरोबर वाटतो. 'बे'चा दात आणि नुक्ता ज्याला माहीत नाही त्याने ते सहा महिने मुलांवर शिकू नये. माझी तक्रार निकालाशी नाही, निकालानंतर पडलेल्या शांततेशी आहे. पदवीधराला लहान मुलांकडे यायचे असेल तर आजही त्याला बारावीच्या पोरांबरोबर दोन वर्षांचे डी.एल.एड. करावे लागते. त्याच्यासाठी १९६६ साली सुचवलेला अभ्यासक्रम कुणी पुन्हा मागितलाच नाही. ना बी.एड.वाल्यांच्या संघटनांनी, ना उर्दू शिक्षकांच्या संघटनांनी. सगळ्यांनी जागा मागितली, ट्रेनिंग कुणी मागितले नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक बी.एड. करायचे ठरवले आहे. म्हणजे पदवी आणि प्रशिक्षण एकत्र. दोन वाटांची एक वाट. ऐकायला चांगले आहे. पण उर्दूतून हे चार वर्षांचे शिक्षण आपल्या मुलींना कुठे मिळणार? मौलाना आझाद उर्दू विद्यापीठाचे शिक्षक महाविद्यालय औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आहे. मंगरूळपीर किंवा अनसिंगच्या मुलीला तिथे चार वर्षे ठेवायला किती वालिद तयार होतील? दोन वर्षांच्या डी.एड.ने जी बाजी घडवली ती चार वर्षांच्या पदवीत गळून पडेल, ही भीती मला वाटते. आपल्या संस्थाचालकांनी हायस्कुलांच्या आणि ज्युनियर कॉलेजांच्या परवानग्यांसाठी जेवढ्या चकरा मारल्या त्यातल्या थोड्या तरी अकोला-अमरावतीत उर्दू माध्यमाच्या एकात्मिक अभ्यासक्रमासाठी माराव्यात.

दरम्यान १ सप्टेंबर २०२५ ला आणखी एक निकाल आला आणि त्याच्या शीर्षकात आपल्याच समाजातल्या एका संस्थेचे नाव आहे : अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे त्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, नाहीतर घरी जावे. ज्यांची त्याहून कमी उरली त्यांना निवृत्तीपर्यंत सवलत, मात्र बढती नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हे लागू करावे की नाही, हा प्रश्न कोर्टाने मोठ्या पीठाकडे सोपवला. त्यामुळे एकाच गावात जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतल्या बाजी अभ्यासाला लागल्या आणि पलीकडच्या गल्लीतल्या खाजगी अल्पसंख्याक शाळेतले सर मोठ्या पीठाची वाट पाहत राहिले. वीस-वीस वर्षे पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या या बाजी संध्याकाळी ज्यांच्याकडे बालमानसशास्त्राच्या नोट्स मागायला जातात ती बरीचशी त्यांच्याच हाताखाली 'अलिफ, बे' शिकलेली, डी.एल.एड. होऊन घरी बसलेली मुले आहेत.